शोकेसमधलं बदक की पाण्यातलं?

लाकडी बदकं जमवण्याचा नाद लागला की दोनतीन खरेद्यांनंतर एक पेच पडतोच. खऱ्या बदकांना भुलवायला शिकाऱ्याने पाण्यावर सोडलेलं जुनं लाकडी बदक, म्हणजे डिकॉय, घ्यायचं, की निव्वळ शोभेसाठी कोरलेलं? मी राहतो अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये, म्हणजे या छंदाच्या माहेरीच. दोन्ही घेऊन बसलोय.

पहिल्या नजरेत शोभेचंच बदक जिंकतं, यात वाद नाही. इथल्याच क्रिसफील्डचे वॉर्ड बंधू पेशाने न्हावी. शिकारीची बदकं कोरता कोरता ते शोभेच्या बदकांकडे वळले आणि पुढे सॉल्सबरीत त्यांच्या नावाने संग्रहालय उभं राहिलं. माझ्याकडचा मर्गान्सर, म्हणजे डोक्यावर तुरा असलेलं बदक, कुणा नामवंताचा नाही, पण गरम पेनने डागून पिसाची रेघ न् रेघ उठवलेली आहे. तीच पुढे डोकेदुखी झाली. त्या रेघांत धूळ बसते. फडकं फिरवावं तर धागे तुऱ्यात अडकतात, म्हणून रंगाचा ब्रश घेऊन बसायचं. एका दिवाळीच्या साफसफाईत तुऱ्याचं टोकच हातात आलं. मी ते गोंदाने चिकटवलं, ही दुसरी चूक. किंमत करणाऱ्याने बदक उजेडात जरासं फिरवलं आणि न बोलता खाली ठेवलं.

दुसरं, शिकारीचं बदक कॅनव्हासबॅक जातीचं, इथल्याच हॅवर डी ग्रेसच्या मॅडिसन मिचेलचं. हा गृहस्थ अंत्यसंस्काराचा व्यवसाय सांभाळून बदकं करायचा. केलीही इतकी, की अजून मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात सापडतात. एल्मर क्रोवेल या नावाजलेल्या कारागिराची दोन डिकॉय २००७ मध्ये प्रत्येकी अकरा लाख डॉलरच्या वर गेली, ती गोष्ट वेगळी; त्या वाटेला आपण जाऊ नये.

जुन्यातही फसगत होते, नाही असं नाही. शिकारी हंगामाआधी बदकं पुन्हा रंगवून घ्यायचे आणि मूळ रंगाचीच तर खरी किंमत. म्हणून बदक हातात आलं की आधी उलटं करावं: पाण्यात सरळ राहायला लावलेलं शिशाचं वजन, बांधायच्या दोरीची कडी. मग भेगा बघाव्यात. भेगेच्या आतही रंग शिरला असेल तर तो भेगेनंतरचा. अंधारात अतिनील टॉर्च मारला की मागाहून केलेली डागडुजी बऱ्याचदा वेगळी चमकते. झीजही जागच्या जागी हवी: होडीत एकमेकांवर घासून कुशीला, धरून धरून मानेला.

तुमच्याकडे काचेचं कपाट असेल, घरात लहान मूल नसेल आणि धीर असेल, तर शोभेचं खुशाल घ्या. दिसायला त्याला तोड नाही. माझा मर्गान्सर आता काचेच्या पेटीत असतो. कॅनव्हासबॅक फ्रिजवर. मुलगी येताजाता त्याला मान धरून उचलते आणि मी काही बोलत नाही.