सीपीसीनंतर पुढे काय: सीपीएमए की सीसीएस?

मेडिकल कोडिंग म्हणजे रुग्णाच्या नोंदी वाचून आजार-उपचारांना बिलासाठी ठरावीक कोड लावणं. त्यातली एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी ही परीक्षा होऊन दोन-अडीच वर्षं झालेली असतात. अनुभवाची पत्रं पाठवून नावापुढचं 'ए' (अप्रेंटिस, म्हणजे नवखा) निघालेलं असतं, रोजचं टार्गेट अंगवळणी पडलेलं असतं, आणि अप्रेझलच्या वेळी टीम लीडर विचारतो, "पुढचं सर्टिफिकेशन कोणतं करताय?" नाशिकमध्ये हा प्रश्न हल्ली मला वरचेवर ऐकू येतो. पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत घरी बसून अमेरिकेचे चार्ट (तिथल्या रुग्णांच्या नोंदी) कोड करणारे आता बरेच आहेत. कुणी बीफार्म, कुणी बीएचएमएस, कुणी नर्सिंग, कुणी डीएमएलटी करून या कामात आलेलं. बहुतेकांची गाडी दोन नावांवर येऊन अडते: एएपीसीची सीपीएमए, म्हणजे ऑडिटरची परीक्षा, आणि अहिमा या दुसऱ्या अमेरिकी संस्थेची सीसीएस, जिचा मुख्य भर इनपेशंटवर, म्हणजे हॉस्पिटलात दाखल रुग्णांवर. मी दोन्हींचा अभ्यास सुरू केला होता आणि शेवटी एकीचीच फी भरली. ते का, एवढंच सांगतो. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येईल.

तुम्ही इथल्याच एखाद्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात असाल, तर या दोन्ही परीक्षा तुमच्या कामाला लांबूनच लागू पडतात. तिथे डब्ल्यूएचओचं आयसीडी-१० (आजारांच्या कोडची यादी), हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचची फाइल-तपासणी, १४ अंकी आभा (आरोग्य ओळख) क्रमांक, जन आरोग्य योजनेची पॅकेजं आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा हे आधी पक्कं झालेलं बरं. पुढचं सगळं अमेरिकी चार्ट करणाऱ्यांसाठी.

सीपीएमएची बाजू भक्कम आहे, हे मी मनापासून म्हणतो. परीक्षा सीपीसीच्याच धाटणीची, बहुपर्यायी, पुस्तकं उघडून द्यायची. घरूनच कॅमेऱ्यासमोर देता येते. त्या दिवशी वीज आणि इंटरनेट दगा देणार नाहीत एवढी सोय केली की झालं. अभ्यासक्रमात फॉल्स क्लेम्स ॲक्ट (सरकारकडे खोटी बिलं लावण्याविरुद्धचा कायदा), स्टार्क आणि अँटी-किकबॅक हे हितसंबंध आणि कमिशनविरुद्धचे कायदे, ओआयजी या सरकारी तपास यंत्रणेची भूमिका, ऑडिटसाठी नमुना कसा निवडायचा आणि अहवाल कसा लिहायचा, हे सगळं येतं. रोज चार्ट करताना आपण ज्या नियमांच्या छायेत वावरतो, ते नियम मुळात कुठून आले हे पहिल्यांदा नीट कळतं. फॉल्स क्लेम्स ॲक्ट १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांना आवर घालण्यासाठी आलेला. तोच कायदा आज सरकारी विम्याच्या बिलात डॉक्टरांच्या भेटीसाठी ९९२१४ या कोडच्या जागी जाणूनबुजून वरच्या दराचा ९९२१५ लावणाऱ्यालाही लागू होतो, हे कळल्यावर कामाकडे बघण्याची नजर बदलते. माझी तरी बदलली.

सीईयूचा, म्हणजे सर्टिफिकेट टिकवण्यासाठी शिकत राहून मिळवायच्या गुणांचा हिशेबही सीपीएमएच्या बाजूने जातो. एकट्या सीपीसीला दोन वर्षांत ३६ सीईयू लागतात, सीपीएमए जोडली की ४८. संस्था एक, खातं एक, मुदत एक. सीसीएसला दोन वर्षांत २० च लागतात, पण ते दुसऱ्या संस्थेकडे, दुसऱ्या मुदतीने, वेगळ्या फीसह. म्हणजे सीपीसी टिकवून सीसीएस करायची तर दोन वह्या सांभाळाव्या लागतात. त्यातून लाइव्ह वेबिनार अमेरिकेच्या वेळेवर. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे १२ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. दिवसभर चार्ट करून रात्री पुन्हा कानात हेडफोन घालणं दोन लहान मुलं असलेल्या घरात कसं जमणार, हा प्रश्न खराच आहे. त्यामुळे बहुतेक जण रेकॉर्ड केलेलं व्याख्यान लावून शेवटची प्रश्नमंजुषा सोडवतात. त्यात वाईट काही नाही, पण शिकणं थोडं पातळ होतं.

परीक्षा देण्याच्या बाबतीतही सीसीएस जड आहे. मी ती मुंबईत, परीक्षा केंद्रावर जाऊन दिली. सकाळची पंचवटी पकडायची आणि सोबत छापील पुस्तकं: आयसीडी-१०-सीएम (आजारांचे कोड), पीसीएस (दाखल रुग्णांवरच्या शस्त्रक्रियांचे) आणि सीपीटी (डॉक्टरांच्या भेटी आणि सेवांचे). तिन्ही एका पिशवीत घालून नाशिकरोडचा जिना चढलात, की आपण कोणत्या क्षेत्रात आहोत ते खांद्याला कळतं. त्या पुस्तकांचा खर्च वेगळा, आणि फी डॉलरमध्ये, म्हणजे रुपया घसरला की आपोआप वाढणारी.

एवढं सगळं सीपीएमएच्या बाजूने असताना मी सीसीएसकडे वळलो ते एका त्रासामुळे. तो नीट सांगायला हवा, कारण तुम्हाला तो त्रास वाटत नसेल तर माझा निर्णयही तुम्हाला लागू नाही.

मी तेव्हा मल्टीस्पेशालिटी आउटपेशंट (दाखल न होता तपासून जाणाऱ्या रुग्णांचे चार्ट) करत होतो आणि आठवड्यातले काही दिवस क्यूएला (गुणवत्ता तपासणीला) मदत. एक साधा चार्ट घ्या. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही आटोक्यात. रुग्ण नेहमीच्या तपासणीला आलेला. भेटीचा कोड प्रॉब्लेम, डेटा आणि रिस्क या तीन रकान्यांवरून ठरतो. दोन स्थिर जुनाट आजार म्हणजे प्रॉब्लेमचा रकाना मॉडरेट (मध्यम). डेटामध्ये मोजण्यासारखं काही नाही. तीनपैकी दोन रकाने जुळायला हवेत, म्हणजे सगळा भार रिस्कवर. आणि रिस्कसाठी नोटच्या तळाशी एकच ओळ: "कंटिन्यू करंट मेड्स."

हे प्रिस्क्रिप्शन ड्रग मॅनेजमेंट (औषधांबद्दल विचारपूर्वक घेतलेला निर्णय) झालं का? झालं तर ९९२१४, नाही तर त्याखालचा ९९२१३. २०२१ मध्ये ऑफिस व्हिजिटचे नियम बदलले, हिस्ट्री आणि एक्झामचे मुद्दे मोजणं संपलं, तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. पण मोजणं गेलं आणि त्या जागी मत आलं. नुसती औषधांची यादी चालत नाही, यावर सगळ्यांचं एकमत. 'शुगर आटोक्यात, मेटफॉर्मिन याच मात्रेत चालू' असं लिहिलं असेल तर बहुतेक जण मान्य करतात. पण मधली ही एक ओळ? आमचा क्यूए म्हणायचा, डॉक्टरांनी विचार करूनच औषध चालू ठेवलंय. क्लायंटचा ऑडिटर म्हणायचा, कोणतं औषध, कशासाठी, ते लिहिलेलंच नाही. कोडरला एरर लागायची, तो रिबटल (हरकत) पाठवायचा, वरून उत्तर यायचं, "या क्लायंटसाठी असंच धरा." पुढच्या महिन्यात दुसरा ऑडिटर आला की तीच ओळ उलट्या बाजूने. हे कुणा एका कंपनीचं दुखणं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांत काम करणाऱ्या मित्रांकडून मी हीच तक्रार ऐकली आहे.

सगळ्यात जास्त टोचायचं ते हे, की डॉक्टरांना विचारायची सोय नव्हती. चार्ट आमच्याकडे येईपर्यंत भेट होऊन गेलेली, आणि एका ९९२१३-९९२१४ साठी क्वेरी पाठवायला कुणी तयार नसायचं. समोर बसलेल्या मुलीची ॲक्युरसी माझ्या मतामुळे ९५ टक्क्यांच्या खाली जाणार आणि त्या मतामागे बोट ठेवायला छापील ओळ नाही, हे मला सोसेना. सीपीएमएच्या अभ्यासात मी याचंच उत्तर शोधत होतो. अहवाल कसा लिहायचा, मतभेद कसा हाताळायचा, हे तिथे छान मिळालं. त्या ओळीचं उत्तर मिळालं नाही, आणि खरं तर ते त्या अभ्यासक्रमाचं कामही नव्हे.

त्याच काळात पीसीएस वाचायला घेतलं, आणि मला वेगळीच मोकळीक वाटली. पीसीएसचा धाक सगळ्यांना असतो. सात अक्षरांचा कोड, प्रत्येक जागेला स्वतंत्र अर्थ, मेडिकल-सर्जिकल विभागात ३१ रूट ऑपरेशन्स (शस्त्रक्रियेचे मूळ प्रकार). पण एकदा हात बसला की कोड पाठ करावा लागत नाही, तो बांधता येतो. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं: झिरो, डी, टी, जे, फोर, झेड, झेड. झिरो म्हणजे मेडिकल-सर्जिकल, डी पचनसंस्था, टी रिसेक्शन, जे अपेंडिक्स, फोर दुर्बिणीचा मार्ग, आत काही ठेवलं नाही म्हणून झेड, आणि क्वालिफायर (जादा तपशील) नाही म्हणून आणखी एक झेड. दुर्बिणीतूनच पित्ताशय काढलं, तर डीच्या जागी एफ आणि जेच्या जागी चार. बाकी सगळं तेच.

मला जिंकलं ते पीसीएसच्या अधिकृत नियमांतल्या ए-११ या गाइडलाइनने. ऑपरेशन नोटमध्ये सर्जनने पीसीएसचेच शब्द वापरावेत अशी अपेक्षा नाही. नोटमधल्या वर्णनाला पीसीएसची कोणती व्याख्या लागू पडते, हे ठरवणं कोडरचं काम आहे, असं ती स्पष्ट सांगते. उदाहरणही देते: सर्जनने 'पार्शल रिसेक्शन' लिहिलं असेल, तर कोडरने स्वतःच ते एक्सिजन धरावं, विचारायला जायची गरज नाही. अवयव पूर्ण काढला तर रिसेक्शन, काही भाग काढला तर एक्सिजन. मग फुप्फुसाचा एक लोब पूर्ण काढला तर? रिसेक्शनच, कारण पीसीएसमध्ये त्या लोबला स्वतःची जागा आहे. नियम अवघड आहे, पण तो आहे, आणि तो वापरायचा अधिकार माझ्या हातात दिलेला आहे. वर्षानुवर्षं 'क्लायंट म्हणतो म्हणून' ऐकलेल्या माणसाला याची किंमत कळते.

इनपेशंटमध्ये सगळं स्वच्छ आहे असं मात्र समजू नका. सेप्सिस (जंतुसंसर्गातून अवयव निकामी होऊ लागण्याची गंभीर अवस्था) घ्या. डॉक्टर निदान लिहितात, कोडर गाइडलाइनप्रमाणे ते कोड करतो, आणि विमा कंपनी २०१६ च्या सेप्सिस-३ व्याख्येवर बोट ठेवून क्लेम नाकारते. एमसीसी (बिल वाढवणारी मोठी गुंतागुंत) गेलं की डीआरजी, म्हणजे हॉस्पिटलला किती पैसे मिळतील ते ठरवणारा गट, खाली येतो, आणि त्या एका कोडमागची रक्कम ९९२१४ च्या फरकापेक्षा कितीतरी मोठी असते. प्रिन्सिपल डायग्नोसिस (दाखल होण्याचं मुख्य कारण) निवडताना दोन आजार तोलामोलाचे निघाले की तासभर सहज जातो. फरक इतकाच, की तिथे विचारायची रीतसर व्यवस्था असते. क्वेरी कशी लिहावी, डॉक्टरांना उत्तर सुचवल्यासारखं होणार नाही याची काळजी कशी घ्यावी, यावर अहिमा आणि ॲकडिस (डॉक्टरांच्या नोंदी सुधारण्याचं काम करणाऱ्यांची संघटना) यांची एकत्रित मार्गदर्शिका आहे, २०२२ मध्ये सुधारलेली. आणि अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनचं कोडिंग क्लिनिक हे नियतकालिक दर तीन महिन्यांनी येतं. वाद झाला तर दोघंही तोच अंक उघडतात. निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी का गेला ते मला वाचता येतं. माझ्यासाठी हेच शिकणं.

आउटपेशंटमधून येणाऱ्याला सीसीएसमध्ये सगळ्यात जास्त घसरायला होतं ते 'प्रोबेबल' (बहुधा) या शब्दापाशी. आउटपेशंटला संशयित निदान कोड करायचं नाही, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. इनपेशंटला डिस्चार्जच्या वेळी 'प्रोबेबल न्यूमोनिया' लिहिलं असेल तर तो न्यूमोनिया झालाच असं धरून कोड करायचा. जुनी सवय मोडायला वेळ द्या. सरावाचे पहिले काही आठवडे फक्त यासाठी गेले तरी ते वाया गेले असं मानू नका.

कामाच्या संधींबद्दल माझ्या पाहण्यातलंच सांगू शकतो. ऑडिटरच्या जागा जास्त निघतात, आणि सीपीएमए हातात असली की आहे त्याच टीममध्ये क्यूएला जाणं सोपं होतं. इनपेशंटच्या टीम लहान असतात आणि त्यांना अनुभव हवा असतो, त्यामुळे नुसतं सीसीएस घेऊन बाहेर पडलात तर सुरुवातीला दारं जड वाटतील. आपल्याच कंपनीत इनपेशंटचा प्रोजेक्ट असेल तर आधी तिथल्या लीडशी बोला, मग फी भरा. एकदा आत शिरलात की मात्र दिवसाची चाल बदलते. दिवसाला चार्ट कमी, पण प्रत्येक चार्ट शेवटपर्यंत वाचायचा. डिस्चार्ज समरी, ऑप नोट, पॅथॉलॉजी, रोजच्या प्रोग्रेस नोट, यांतून माणसाच्या आजाराची सगळी वाटचाल दिसते. मला त्यात जास्त समाधान आहे.

तिसरं नाव कुणी काढेलच: सीआरसी, ही रिस्क ॲडजस्टमेंटची, म्हणजे रुग्णाच्या आजारांवरून विम्याचा अपेक्षित खर्च ठरवण्याच्या कोडिंगची परीक्षा. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एचसीसी या आजारगटांचं व्ही-२८ मॉडेल २०२४ पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि २०२६ मध्ये पूर्ण लागू झालं, त्यामुळे तिथेही काम आहे. तुम्ही आधीच एचसीसीवर असाल तर तीच करा, या तुलनेत पडू नका.

तुम्हाला लोकांना समजावून सांगायची आवड असेल, मतभेदात डोकं शांत राहत असेल, आणि नाशिक न सोडता, रात्री न जागता पुढची पायरी गाठायची असेल, तर सीपीएमए घ्या. त्यात कमीपणा काही नाही. पण ९९२१३ की ९९२१४ यावरच्या ईमेलची साखळी वाचताना तुमचंही डोकं उठत असेल, तर थोडा जास्त खर्च आणि दोन वह्यांचा त्रास पत्करून सीसीएसचा विचार जरूर करा.

फी भरण्याआधी एक करता येईल. पीसीएसच्या टेबल्स आणि अधिकृत गाइडलाइन्स सीएमएस या अमेरिकी सरकारी आरोग्यविमा संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या उतरवून घ्या आणि सरावाच्या पुस्तकातल्या दहा-पंधरा ऑपरेशन नोट टेबल उघडून स्वतः बांधून पाहा. सरावासाठी ऑफिसमधला खऱ्या रुग्णाचा चार्ट कधीही घरी आणू नका, नाव खोडून सुद्धा नाही. दहाव्या नोटपर्यंत मजा येऊ लागली तर पुढे जा, कंटाळा आला तर तेवढे पैसे वाचले. आणि पुस्तकं घेताना वर्ष पाहा: आयसीडीचे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात, सीपीटीचे १ जानेवारीला. आपल्या तारखेला परीक्षेत कोणत्या वर्षाची पुस्तकं चालतील, हे अहिमाच्या पुस्तिकेत पाहून मगच ऑर्डर द्या. सप्टेंबरमध्ये घाईघाईने घेतलेलं पुस्तक डिसेंबरच्या परीक्षेला चालेलच असं नाही.