घरी लघवीतील प्रथिने तपासण्याच्या पट्ट्या : उपयोग मोठा, माहितीपत्रक अपुरे

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार दुखत नाही, हीच त्याची सर्वांत घातक बाजू आहे. पायांवर सूज येणे, भूक मंदावणे, धाप लागणे ही लक्षणे बहुधा मूत्रपिंडांची बरीचशी कार्यक्षमता गेल्यावरच दिसू लागतात. अशा आजाराविषयी लोकांना कितीही सांगितले तरी ‘मला तर काही होत नाही’ या एका वाक्यापाशी बोलणे थांबते. म्हणून स्वतःच्या हाताने करता येईल आणि डोळ्यांना दिसेल अशा तपासणीबद्दल मला आस्था आहे. मूत्रपिंडांना इजा झाली की रक्तातील प्रथिने लघवीत झिरपू शकतात, आणि ती घरीही पाहता येतात. त्याच आस्थेने मी औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या, लघवीतील प्रथिने दाखवणाऱ्या पट्ट्यांची एक डबी घेऊन घरात वापरून पाहिली.

वापरायला पट्टी सोपी आहे. सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यात घ्यावी, पट्टी क्षणभर बुडवून जादा थेंब निथळू द्यावेत आणि माहितीपत्रकात दिलेल्या वेळेला, माझ्या डबीच्या बाबतीत साठ सेकंदांनी, डबीवरील रंगतक्त्याशी तिचा रंग ताडून पाहावा. पट्टीच्या टोकावरील चौकोनात आम्लता स्थिर ठेवणारे द्रव्य आणि एक रंगदर्शक असतो. अल्ब्युमिन हे प्रथिन त्या रंगदर्शकाला चिकटले की पिवळा रंग हिरवट होत जातो. डबीचे झाकण घट्ट बसते आणि आत ओलावा शोषणारे द्रव्य आहे, हे महत्त्वाचे, कारण दमट हवा लागलेल्या पट्टीवर विश्वास ठेवता येत नाही. रंगतक्ता मात्र फार लहान छापला आहे. ‘अंशतः’ आणि ‘एक अधिक’ या दोन छटांमधला फरक दिव्याच्या पिवळ्या उजेडात कळत नाही, आणि ज्यांना या तपासणीची सर्वाधिक गरज असते त्या मधुमेही ज्येष्ठांची नजर अनेकदा आधीच अधू झालेली असते.

पट्टी काय दाखवू शकत नाही, हा अधिक गंभीर प्रश्न आहे. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसभरात 30 मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन जाते. एखाद्याच्या लघवीतून 100 मिलिग्रॅम जात असेल आणि त्याला दिवसाला दीड लिटर लघवी होत असेल, तर एका डेसिलिटरमध्ये ते जेमतेम 7 मिलिग्रॅम भरते. साधी पट्टी साधारण डेसिलिटरमागे 15 ते 30 मिलिग्रॅमच्या पुढेच रंग बदलू लागते. म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून अधिक अल्ब्युमिन जात असूनही पट्टी पिवळीच राहते, आणि उपचारांनी मूत्रपिंडे जपण्याची सर्वांत चांगली संधी नेमकी याच टप्प्यावर असते. भरपूर पाणी प्यायल्यावर लघवी पातळ होते, तेव्हा हा धोका आणखी वाढतो. उलट ताप, जोरदार व्यायाम, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मासिक पाळी यांमुळे आजार नसतानाही पट्टी हिरवी होऊ शकते. मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळत आहेत, हे तर पट्टीला मुळीच कळत नाही. त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ मोजून त्यावरून ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाजित आकडा, काढावा लागतो. नुसते क्रिएटिनिन पाहणेही पुरेसे नाही, कारण गाळण्याची क्षमता बरीच घटेपर्यंत तो आकडा सामान्य मर्यादेत राहू शकतो.

हे सारे माहितीपत्रकात यायला हवे होते. प्रत्यक्षात माझ्या डबीतील पत्रकावर पिवळ्या चौकोनासमोर ‘मूत्रपिंडे निरोगी’ असे छापले आहे. या दोन शब्दांवर माझा तीव्र आक्षेप आहे, कारण ते वाचून निर्धास्त झालेला मधुमेही प्रयोगशाळेतील तपासणी पुढे ढकलेल. त्या जागी ‘या पट्टीला प्रथिने आढळली नाहीत’ एवढेच लिहिले पाहिजे. रंग बदलला तर काय करायचे, यावर ‘डॉक्टरांना भेटा’ यापलीकडे काही नाही. मूत्रपिंडांतील बिघाड किंवा 60 पेक्षा कमी ईजीएफआर किमान तीन महिने टिकला, तरच त्याला दीर्घकालीन विकार म्हणतात. एका हिरव्या चौकोनाने निदान होत नाही, आणि म्हणूनच फेरतपासणी टाळूनही चालत नाही, हे घाबरलेल्या माणसाला कोणीतरी सांगायला हवे. रक्तदाब मोजण्याचा किंवा वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहण्याच्या धोक्याचा उल्लेखही मला सापडला नाही. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मात्र ठळक अक्षरांत आहे. आजार पुढे गेलेल्या, अंगावर सूज असलेल्या रुग्णाला पाणी मोजूनच प्यावे लागते, तेव्हा हा सल्ला सरसकट देणे चुकीचे आहे.

तरीही पट्टी निरुपयोगी नाही. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून खूप प्रथिने जाऊन अंगावर सूज येण्याचा आजार, असलेल्या मुलांच्या घरी ती अतिशय मोलाची आहे: आजार उलटतो आहे का, हे पालकांना सूज येण्याआधीच कळू शकते, कारण सलग तीन दिवस ‘तीन अधिक’ किंवा त्याहून गडद रंग आला की डॉक्टर त्याला आजार उलटणे मानतात. त्या पालकांनी ती जरूर घ्यावी आणि रोजचा रंग वहीत लिहून ठेवावा. ज्यांनी कधीच तपासणी केलेली नाही त्यांच्यासाठीही पहिले पाऊल म्हणून ती चालेल. ठळक हिरवा रंग पाहिलेला माणूस डॉक्टरांकडे जायला टाळाटाळ करण्याची शक्यता कमी असते. परंतु मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी, तसेच घरात कोणाला मूत्रपिंडविकार असलेल्यांनी, ही पट्टी प्रयोगशाळेच्या बदल्यात वापरू नये. त्यांना लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर आणि ईजीएफआर या दोन्ही तपासण्या लागतात, आणि मधुमेहींच्या बाबतीत त्या वर्षातून किमान एकदा व्हायला हव्यात. पट्टीला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन आणि माहितीपत्रकाला एकच.