ऑन्टारिओची कायदेशीर गांजाची दुकानं: उशीर का झाला आणि आज काय मिळतं

ऑन्टारिओत गांजाची कायदेशीर खरेदी आज सोपी आणि बऱ्यापैकी भरवशाची आहे. तपासलेला माल, डब्यावर छापलेली मात्रा, हातात बिल. मात्र ही सोय ग्राहकापर्यंत पोचायला फार वेळ लागला आणि त्या उशिराचं कारण धोरणातली धरसोड होतं. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, स्कारबरोकडे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींना दुकान रस्त्यावर दिसतं, पण आत कशाकडे बघायचं आणि बाहेर पडल्यावर कुठे अडकायला होतं, हे कुणी नीट सांगत नाही. हा आढावा त्यांच्यासाठी आहे.

आधी उशिराबद्दल, कारण त्याचे परिणाम अजून दिसतात. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर झाला आणि विक्री कशी करायची हे प्रांतांवर सोपवलं गेलं. अल्बर्टात त्याच दिवशी १७ दुकानं उघडली. देशातल्या सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या ऑन्टारिओत एकही नाही. आधीच्या लिबरल सरकारचा बेत दारूविक्री करणाऱ्या एलसीबीओच्या हाताखाली टप्प्याटप्प्याने १५० सरकारी दुकानं काढायचा होता. जून २०१८ मध्ये सरकार बदललं. डग फोर्ड यांच्या सरकारने ऑगस्टमध्ये तो बेत मोडला आणि १ एप्रिल २०१९ पासून खासगी दुकानं असं ठरवलं. म्हणजे विक्री सुरू व्हायला दोन महिने उरले असताना सगळी मांडणी नव्याने.

मधले साडेपाच महिने अख्ख्या प्रांताला एकच कायदेशीर काउंटर होतं: ऑन्टारिओ कॅनाबिस स्टोअर, म्हणजे ओसीएसची वेबसाइट. पहिल्या चोवीस तासांत सुमारे एक लाख ऑर्डरी आल्या. २२ ऑक्टोबरपासून कॅनडा पोस्टचे आळीपाळीने संप सुरू झाले. पार्सलं रखडली, प्रांताच्या लोकपालांकडे हजारावर तक्रारी गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ४,५०० ऑर्डरींच्या डिलिव्हरीची माहिती टपालखात्याच्या प्रणालीतून बाहेर गेल्याचं उघड झालं. त्याच काळात माल कमी पडला. उत्पादकांचे परवाने हळू निघत होते, पॅकिंगची यंत्रं पुरी बसली नव्हती आणि प्रत्येक डब्यावर लावायची उत्पादनशुल्काची तिकिटं चक्क गोंदाशिवाय आली होती. कामगार ती हाताने चिकटवत बसले.

टंचाईचं कारण देऊन डिसेंबरमध्ये दुकानांची संख्या २५ वर आणली गेली आणि ती कुणाला द्यायची हे सोडतीने ठरवायचं झालं. हा निर्णय सगळ्यात महागात पडला असं आमचं स्पष्ट मत आहे. ७५ डॉलर भरून कुणीही नाव टाकू शकत होतं. सुमारे १७ हजार नावं आली. ११ जानेवारी २०१९ ला सोडत निघाली. नाव निघालं की पाच कामकाजी दिवसांत ६,००० डॉलर परत न मिळणारी फी आणि ५० हजार डॉलरचं बँकेचं हमीपत्र द्यायचं. १ एप्रिलला दार उघडलं नाही तर त्यातून १२,५०० कापले जाणार, महिनाअखेरपर्यंत नाहीच उघडलं तर सगळे ५० हजार. ज्याने कधी किराणा दुकानही चालवलेलं नाही त्याने अडीच महिन्यांत जागा, तिजोरी, कॅमेरे, नोकर आणि परवाना जमवायचा. बऱ्याच विजेत्यांनी मग अनुभवी साखळ्यांशी करार केले आणि पाटी त्यांची लागली. पहिल्या दिवशी २५ पैकी १० च उघडली. टोरांटोसारख्या शहरात एकच, क्वीन स्ट्रीट वेस्टवरचं हनी पॉट. ब्रॅम्प्टनमध्ये गंजिका हाउस.

ऑगस्ट २०१९ मध्ये दुसरी सोडत झाली आणि अखेर जानेवारी २०२० पासून सोडत बंद होऊन सर्वांसाठी अर्ज खुले झाले. तरी एप्रिलपासून महिन्याला २० च दुकानांना मंजुरी अशी मर्यादा ठेवली होती. पुढे तो आकडा वाढवत नेला तेव्हा कुठे २०२१ संपण्याआधी दुकानं हजाराच्या पुढे गेली. या दिरंगाईचा फायदा बेकायदा विक्रेत्यांना झाला. स्टॅटिस्टिक्स कॅनडाने लोकांकडून गोळा केलेल्या किमतींनुसार २०१९ च्या शेवटच्या तिमाहीत कायदेशीर ग्रॅम सरासरी १०.३० डॉलरला होता, बेकायदा ५.७३ ला. जवळ दुकान नाही आणि भावही जवळपास दुप्पट, मग गिऱ्हाईक हलणार कसं? टोरांटो महापालिकेने तेव्हा काही बेकायदा दुकानांच्या दारात काँक्रीटचे ठोकळे आणून टाकले होते.

मिसिसागाचं प्रकरण वेगळं. २२ जानेवारी २०१९ पर्यंत नगरपालिकांना ‘आमच्याकडे दुकान नको’ म्हणायची मुभा होती. ७७ पालिकांनी ती वापरली, त्यात मिसिसागा, मार्कम, व्हॉन, ओकव्हिल होत्या. मिसिसागाने एप्रिल २०२३ मध्ये निर्णय फिरवला. त्यामुळे तिथली दुकानं तुलनेने नवी आहेत.

आता प्रत्यक्ष खरेदी. दुकान अधिकृत आहे का, हे दारावरच्या प्रांताच्या अधिकृत शिक्क्यावरून कळतं; शंका आली तर एजीसीओ या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर परवान्यांची यादी आहे. वय १९ पूर्ण हवं. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतातच, त्यामुळे फोटो आणि जन्मतारीख असलेलं सरकारी कार्ड बरोबर ठेवा. एकावेळी ३० ग्रॅम सुक्या गांजाएवढा माल मिळतो आणि सार्वजनिक जागी जवळ बाळगायची मर्यादाही तेवढीच. बाकी प्रकारांचा हिशेब असा: १ ग्रॅम सुकं फूल म्हणजे १५ ग्रॅम खाद्यपदार्थ किंवा पाव ग्रॅम कॉन्सन्ट्रेट (घट्ट अर्क). बिलिंगचं सॉफ्टवेअर ही बेरीज करतं, ग्राहकाने डोकं शिणवायची गरज नाही. छापील किमतीवर १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) धरा.

सेवेची खरी परीक्षा फुलाच्या डब्यावर होते. डब्यावर पॅकिंगची तारीख असते; ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळा माल ओसीएसच्या गोदामातून येतो, म्हणून उत्पादकाकडून दुकानाच्या फडताळावर यायला वेळ जातो आणि कमी खपणारा वाण तिथे आणखी पडून राहतो. तीन महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम. सहा महिन्यांपलीकडचं फूल बहुधा कोरडं, चुरगळणारं निघतं, वास उडालेला असतो आणि घशाला टोचतं. चांगल्या दुकानात काउंटरवरचा माणूस न कुरकुरता डबा उलटून तारीख दाखवतो. जिथे टाळाटाळ होते तिथून निघावं, दोन गल्ल्या पुढे दुसरं दुकान असतंच. कोरडं फूल हाती आलंच तर ६२ टक्के आर्द्रतेची पुडी डब्यात टाकून दोन दिवस झाकण घट्ट लावून ठेवा. पोत सुधारतो, गेलेला वास मात्र परत येत नाही.

टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. लेबलवर त्याचे दोन आकडे असू शकतात आणि नवखे हमखास गोंधळतात. नुसतं ‘टीएचसी’ म्हणजे आत्ता, कच्च्या स्थितीत असलेलं. ‘टोटल टीएचसी’ म्हणजे उष्णता लागल्यावर होणारं. फुलासाठी ‘टोटल’चाच आकडा वाचायचा. २१० मिलिग्रॅम प्रतिग्रॅम म्हणजे २१ टक्के. हेल्थ कॅनडाचा सल्ला नवख्यांनी ओढण्यासाठी १०० मिलिग्रॅम प्रतिग्रॅम, म्हणजे १० टक्के किंवा त्याहून कमी घ्यावं असा आहे, आणि इथेच दुकानं कमी पडतात. फडताळं २५ टक्क्यांच्या वरच्या मालाने भरलेली असतात, कारण गिऱ्हाईक टक्क्याला भाव देतं. सौम्य माल मागून घ्यावा लागतो. नुसता टक्का मोठा म्हणून माल चांगला, हा समज सोडून द्यावा.

गांजा घातलेली गमी (चघळायची गोळी), चॉकलेट, पेयं २०२० च्या जानेवारीपासून मिळू लागली. एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी. सरावलेल्या लोकांना हे कमी वाटतं आणि पाकिटांचा कचरा फार होतो हे खरं, तरी नवख्यांसाठी ही मर्यादा योग्यच आहे. सुरुवात २.५ मिलिग्रॅमने करावी, म्हणजे ५ मिलिग्रॅमची गमी सुरीने अर्धी कापून. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, कळस चार तासांपर्यंत येऊ शकतो आणि असर बारा तासांपर्यंत राहू शकतो. बिघडतं ते इथेच: पाऊण तासात काही झालं नाही म्हणून दुसरी खाल्ली जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, घाबरल्यासारखं होतं. घरात लहान मूल असेल तर हे पदार्थ फ्रिजमध्ये खाऊच्या शेजारी ठेवू नका, कुलपात ठेवा.

व्हेपची काडतुसं, म्हणजे वाफ करून ओढायच्या तेलाच्या नळ्या, बहुतेक ५१० प्रकारच्या (आट्यांच्या ठरावीक मापाच्या) बॅटरीवर बसतात. हिवाळ्यात गाडीत राहिली की तेल घट्ट होऊन तोंड बुजतं. घरच्या तापमानाला उभी ठेवली की बहुधा मोकळी होतात.

भावाबद्दल: आज स्पर्धा इतकी आहे की २८ ग्रॅमची मोठी पिशवी घेतली तर ग्रॅमचा दर २०१९ च्या मानाने खूपच उतरलेला दिसेल. उत्पादकाची अडचण मात्र कायम आहे. उत्पादनशुल्क ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, जे जास्त असेल ते. ग्रॅमला दहा डॉलर मिळतील हे गृहीत धरून ठरवलेला हा दर. तीन डॉलरच्या मालात तो तिसरा हिस्सा खातो. स्वस्त पिशव्यांमध्ये छाटणी ढिसाळ आणि देठं जास्त का, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

ओसीएसची वेबसाइट अजून चालू आहे आणि वाण तिथे कुठल्याही एका दुकानापेक्षा जास्त आहेत. पार्सल दारात वय तपासूनच देतात. कोणत्या तारखेचा डबा येईल हे मात्र मागवणाऱ्याच्या हातात नसतं, म्हणून फुलासाठी दुकान आणि गमी, तेल, पेयांसाठी वेबसाइट अशी विभागणी आम्हाला पटते. मार्च २०२२ पासून दुकानांना घरपोच देण्याची कायमची परवानगी आहे. जवळच्या दुकानाला फोन करून तारीख विचारायची आणि मग मागवायचं, हा सर्वांत चांगला मार्ग.

दुकानाबाहेरचे नियम दुकानदार सांगत नाहीत आणि नव्याने आलेल्यांना तेच भोवतात. जी१ किंवा जी२ (नवशिक्या चालकाचा) परवाना असेल, वय २१ किंवा त्याखाली असेल, किंवा ट्रकसारखं व्यावसायिक वाहन चालवत असाल, तर शरीरात गांजा अजिबात चालत नाही. जी१, जी२ वाल्यांना आणि तरुण चालकांना पहिल्या वेळीही काही दिवस परवाना निलंबित आणि २५० डॉलर दंड. नशेत गाडी चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा डिसेंबर २०१८ पासून दहा वर्षं झाली आहे. त्यामुळे तो इमिग्रेशन कायद्यात गंभीर गुन्ह्यांत मोडतो; स्टडी परमिट, वर्क परमिट, अगदी पीआरसुद्धा धोक्यात येऊ शकतं. गाडीतून नेताना डबा न फोडलेला असावा किंवा गाडीतल्या कुणाचाही हात सहज पोचणार नाही असा बांधून ठेवलेला. भाड्याच्या घरात ओढायला करारात मनाई असू शकते, सही करताना ते कलम वाचा.

कॅनडातल्या कॅनडात विमानाने ३० ग्रॅमपर्यंत नेता येतं. देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, ज्या अमेरिकन राज्यात गांजा कायदेशीर आहे तिथेही. भारतात जाताना बॅगेत विसरलेली गमी अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली येते. निघण्याआधी जॅकेटचे खिसे आणि लॅपटॉपच्या बॅगेचे कप्पे रिकामे करून पाहा, आणि पुण्या-मुंबईच्या मित्राने कितीही आग्रह केला तरी पार्सल पाठवू नका.