घडीघडी ब्रेकर पडत असेल तर आर्वीच्या या वायंडिंगवाल्याकडे जा

आर्वीत बाजाराच्या मागच्या गल्लीत मोटर वायंडिंगचं एक लहानसं दुकान आहे, बोर्ड धड दिसत नाही पण बाहेर जळलेल्या सबमर्सिबलची रांग लावलेली असते त्यावरून सापडते. मी हे लिहून राहिलो कारण गेल्या पावसाळ्यात माझ्या दोन एचपीच्या कडबा कुट्टीनं अन् पाच केव्हीएच्या पोर्टेबल जनरेटरनं मिळून महिनाभर जीव खाल्ला होता, अन् या एका माणसानं दोन दिवसात दोन्हीचा निकाल लावला.

कोठ्याच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे, म्हणजे करंट जमिनीत गळाला लागला की लाईन तोडणारा लिकेज ब्रेकर, आपण तिला ईएलसीबीच म्हणतो. पाऊस पडून गेला की सकाळी कुट्टी चालू करायला गेलं की खटकन पडायची, दुपारी उन्हात तीच मशीन बिनबोभाट चालायची. आणि लाईन गेल्यावर जनरेटर लावला तर त्याच्या पॅनलवरचा लिकेज ब्रेकर पाऊस असो की ऊन, हर वेळेस पडायचा. आधी ज्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं त्यानं पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणला ब्रेकर लय नाजूक असते, कुट्टीच्या पिनमधून अर्थिंगची वायर काढून टाका. काढली. ब्रेकर पडणं बंदच झालं! मी खुश. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून कुट्टीच्या लोखंडी पायाला टेस्टर लावला तर लाल लाईट झक्क पेटला, आणि तिथून दोन हातावर ओल्या फरशीवर माझी बैलजोडी उभी, पोळा चार दिवसावर आलेला. हात थरथरत होते खरं सांगतो. ढोरांना माणसापेक्षा कमी व्होल्टेजमध्ये धोका होते, चार पाय ओल्यात असतात ना. मेन बंद केला, मशीन ट्रॉलीत टाकली आणि आर्वी गाठली.

मिस्त्रीभाऊंनी आधी विचारलं, "केबल अन् एक्स्टेंशन आणलं का? फक्त मोटर पाहून कसं कळन भाऊ." नशिबानं आणलं होतं. मग फेज आणि न्युट्रल दोन्ही वायरी एकाच क्लॅम्प मीटरच्या जबड्यात घेतल्या. मी म्हणलं एकाच वायरला लावतात ना, तर ते म्हणले दोन्ही सोबत घेतल्या की गेलेला करंट आणि परत आलेला करंट एकमेकाला खोडून टाकते, जो आकडा उरते तेवढा जमिनीत पळून राहिला, अन् तुमचा ब्रेकर बी आतमध्ये हेच मोजते. नुसतं एक्स्टेंशन लावलं तर ३ मिलिअँपिअर, कुट्टी लावली तर २० च्या आसपास. मग मला वाटलं ३० चा ब्रेकर आहे तर २० वर काऊन पडते? तर ३० लिहिलेला ब्रेकर १५ च्या वर कुठंही पडू शकते, ३० ला तर पडायलाच पाहिजे, नियमच तसा आहे. हे मला इतक्या वर्षात कोणी सांगितलं नव्हतं.

मोटरचं टर्मिनल बॉक्स उघडलं तर आत कुटाराचा भुसा ठासून भरलेला, ओला, काळा पडलेला, बोटानं दाबला तर पाणी निघालं. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीवरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला तर काटा शून्याला चिकटलेला. साफ केलं, वायंडिंग गरम करून वाळवलं, वार्निश मारलं, झाकणाला नवीन रबर लावलं, केबल आत जाते तिथं ग्लँड, म्हणजे केबल घट्ट धरून फट बंद करणारी बुचासारखी कडी, बसवला. दुसऱ्या दिवशी मेगरवर २० मेगओहमच्या वर. एक्स्टेंशनमध्ये टेपनं गुंडाळलेला जुना जॉइंट होता तो कापून फेकला, आणि पिनमध्ये अर्थिंग स्वतःच्या हातानं परत जोडून दिलं.

जनरेटरसाठी ते घरी आले. कुट्टीची पिन थेट जनरेटरमध्ये लावली तर ब्रेकर टिकला, कोठ्याच्या वायरिंगमधून चालवली की लगेच पडला, म्हणजे दोष ना मशीनमध्ये ना जनरेटरमध्ये. दोष चेंजओव्हरमध्ये, म्हणजे लाईनवरून जनरेटरवर बदलायच्या स्विचमध्ये, निघाला. तो फक्त फेज बदलवत होता, लाईनचा अन् जनरेटरचा न्युट्रल एकच ठेवलेला. आमच्या जनरेटरचा न्युट्रल आतून बॉडीला बांधलेला आहे अन् बॉडीला खुंटी गाडून अर्थिंग दिलेलं, तिकडं लाईनचा न्युट्रल डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, जमिनीला जोडलेला, म्हणून परत येणाऱ्या करंटमधला थोडा जमिनीतून यायचा. कुट्टी आठ अँपिअर घेते, त्याचा शंभरावा हिस्सा जरी मातीतून गेला तरी ८० मिलिअँपिअर झाले, ब्रेकर पडणारच! मी म्हणलं मग जनरेटरच्या आतलं ते बांधलेलं सोडून द्या ना, तर साफ नाही म्हणले, ते सोडलं तर ब्रेकर पडणं थांबन पण उद्या बॉडीला करंट आला तर ब्रेकरला कळणारच नाही. दोन पोलचा चेंजओव्हर बसवला, फेज अन् न्युट्रल दोन्ही तोडणारा. लाईनमनच्या जीवासाठी बी तेच बरोबर आहे.

सगळं मिळून २,३५० रुपये झाले, चेंजओव्हर धरून. मला महाग नाही वाटलं. तक्रार म्हणाल तर फोन उचलत नाहीत, आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, ते मागून घ्या, कोणता पार्ट टाकला ते लिहून राहते. पाचपैकी साडेचार स्टार.

जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर ते वावरात मोटरी काढायला निघून जातात. मशीनसोबत केबल, पिन, एक्स्टेंशन सगळं न्या, आणि जनरेटर असेल तर आधी मेन बंद करा, मगच चेंजओव्हरचं झाकण उघडून वायरींचा फोटो काढून न्या.