घरी बनवलेला इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप: सहा-सात महिने वापरून

स्वस्तात हार्ट मॉनिटर करायचा म्हटलं की सगळे आधी बोर्ड कुठला घेऊ विचारतात. बोर्ड कुठलाही चालतो हो, खरी मेख छातीला टेकणाऱ्या तुकड्यात आहे.

आमचा जुगाड असा: साध्या स्टेथोचा चेस्टपीस, नळी कापून तिच्यात घट्ट बसवलेला छोटा कंडेन्सर माईक, एलएम३८६ चिपचा अॅम्प्लिफायर (आवाज मोठा करणारा), पुढे ईएसपी३२, म्हणजे ठोके मोजायचा कोड चालवणारा छोटा बोर्ड. पार्ट काही एमजी रोडवर मिळाले, काही ऑनलाईन. ३८६ च्या १ आणि ८ नंबरच्या पायात १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर टाकला की गेन, म्हणजे आवाज किती पट मोठा होतो ते, २० चा २०० होतो, तो करून बघितला तर नुसती सूं सूं वाढली, उलट नळीतली फट एम-सीलने बुजवली आणि लब-डब एकदम खणखणीत.

लाईटची गुणगुण ५० हर्ट्झची, आणि हृदयाचे मुख्य आवाज साधारण २० ते १५० मध्ये, म्हणजे ती बया नेमकी मधेच बसते, फिल्टरने कापायला गेलं तर ठोकाही थोडा पातळ होतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवा, विषय संपला.

रोज सकाळी आईचे ठोके बघतो. हेडफोन तिच्याच कानाला असतो, त्यामुळे "अरे गाऊनवरून नको ठेवू, खरखरतंय" हे तीच सांगते. बोटाला लावायचा लाईटवाला सेन्सरही आहे, पण डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत बोटं गार, तिथवर रक्तच कमी येतं, मग आकडा वाट्टेल तसा उड्या मारतो. आवाजावरून मोजलेलं तेव्हाही बरोबर येतं, फक्त कोडमध्ये एक काळजी घ्या, नाहीतर लब वेगळा डब वेगळा मोजून ७२ चे १४४ दिसतात. आम्ही लबनंतर ४०० मिलिसेकंद कान बंद ठेवलेत. अर्थात ठोके १५० च्या वर गेले की हे गंडणार, पण घरात बसलेल्या आईला पुरतं.

याच्यावर निदान मात्र करू नका बरं का. झडपेतला मर्मर, म्हणजे रक्त वाहताना येणारा जादाचा सळसळ आवाज, कित्येकदा काहीशे हर्ट्झपर्यंत जातो, आमच्या १५० हर्ट्झच्या वरचं कापणाऱ्या फिल्टरमध्ये तो गायबच होईल. डॉक्टरांना रेकॉर्डिंग ऐकवलं, "ठोके छान येतायत" म्हणाले आणि स्वतःचा स्टेथो लावला.

आता माईकच्या जागी पायझोची चकती (हवेतल्या आवाजापेक्षा टेकलेल्या जागेची थरथर पकडणारी) लावून बघायचीय, कारण शेजारच्यांचा मिक्सर सुरू झाला की आमचं मोजणं बंद.