आरसी बग्गीचे शॉक: इमल्शन घ्यायचे की ब्लॅडरवाले?

रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) बग्गीच्या शॉकचा, म्हणजे चाकांचे धक्के शोषणाऱ्या भागांचा, हा प्रश्न. आधी फक्त घर्षणावर चालणाऱ्या फ्रिक्शन शॉकचा विषय संपवू. तामियाच्या टीटी-०२ सारख्या साध्या किटमध्ये हेच येतात, त्यांत ऑइलच नसतं. त्यांवर स्प्रिंगा बदलत बसू नका. प्लास्टिकचे साधे ऑइल शॉक लावले तरी गाडी खड्ड्यावरून उसळायची थांबते.

खरी निवड पुढची आहे. शाफ्ट (शॉकमध्ये आत-बाहेर होणारी दांडी) आत शिरला की जागा व्यापतो आणि ऑइल काही दाबलं जात नाही, म्हणून शॉकमध्ये थोडी हवा लागतेच. इमल्शनमध्ये ती ऑइलमध्येच मिसळते. ब्लॅडरमध्ये रबराचा पातळ पडदा तिला वेगळी ठेवतो.

इमल्शनवाली गाडी रात्रभर उभी राहिली की हवा वर जमते. सकाळी शाफ्ट दाबला तर चुळुक आवाज येतो आणि सुरुवातीचे काही दणके पोकळ जातात. आठ-दहा वेळा दाबून घेतलं की शॉक एकसारखा चालतो. भाग कमी, बांधायला सोपा. ब्लॅडर पहिल्या उडीपासून एकसारखा असतो, पण टोपी लावताना शाफ्ट किती आत होता यावर रिबाउंड, म्हणजे दाबून सोडल्यावर तो आपोआप किती बाहेर येतो, हे ठरतं. डावा-उजवा शॉक शेजारी धरून शाफ्ट पूर्ण दाबा आणि सोडा. एक पूर्ण बाहेर आला आणि दुसरा अर्ध्यावर थांबला, तर पुन्हा भरा. ही जोडी जुळवायचा कंटाळा असेल तर इमल्शनच घ्या, मी नवख्याला तेच सांगतो. शॉकच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीवर पैसे घालणं त्यानंतरचं.

ट्यूनिंगमध्ये लोक ऑइलवर अडकतात, शाफ्टच्या टोकाला ऑइलमध्ये फिरणाऱ्या पिस्टनची भोकं विसरतात. पातळ ऑइल आणि बारीक भोकं, किंवा जाड ऑइल आणि मोठी भोकं: हाताने दाबल्यावर दोन्ही सारखेच वाटू शकतात. पण उडी मारून गाडी आपटते तेव्हा बारीक भोकांतून ऑइल तितक्या वेगाने जाऊ शकत नाही आणि शॉक क्षणभर आवळतो. मोठ्या उड्यांच्या ट्रॅकवर तेच हवं असतं. खडबडीत मातीवर मात्र त्याच आवळण्याने चाक जमीन सोडतं, तिथे मोठी भोकं.

ऑइल किती जाड ते सीएसटीमध्ये (सेंटीस्टोक या एककात) बघा, डब्यावरच्या 'वेट' आकड्यात नाही. टीम असोसिएटेडचं ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी, दुसऱ्या कंपनीचं ३० तितकंच असेल असं नाही. उन्हात सिलिकॉन ऑइल पातळ होतं, त्यामुळे जानेवारीत बसवलेला सेटअप विदर्भातल्या मे महिन्यात ढिला लागतो. ५० सीएसटीने वर जाऊन बघा. आणि शॉकच्या बॉडीवरची रिंग फिरवून स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची उंची तेवढी बदलते. कडक हवी तर स्प्रिंगच बदलावी लागते.