शिकाऊ इलेक्ट्रिशियनने आधी काय घ्यावं: पुस्तक, व्हिडिओ, सिम्युलेटर की सरावाचा बोर्ड?

वेळ आणि पैसा मोजकाच असेल, तर माझा कौल पुस्तक आणि सरावाच्या बोर्डाला. सिम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर सर्किट जोडून बघायचं सॉफ्टवेअर, पुस्तकाच्या जोडीला ठेवा. व्हिडिओ हवेतच, पण पाया म्हणून नकोत.

पुस्तक निवडताना जाडी बघू नका, किती गणितं सोडवून दाखवली आहेत ते बघा. स्क्रू घट्ट आवळ, असं कामावर सगळेच सांगतात. का, ते गणितातून कळतं. समजा, सैल जोडाचा रोध अर्धा ओहम आहे आणि त्यातून १६ अँपिअर करंट जातोय. करंट गुणिले करंट गुणिले रोध: १६ × १६ × ०.५, म्हणजे १२८ वॅट उष्णता त्या इवल्याशा जागेत तयार होते. करंट ८ अँपिअरवर आणला तर उष्णता निम्मी नाही, पाव होते: ३२ वॅट. मग प्लग वितळला तरी एमसीबी (सप्लाय आपोआप तोडणारा स्विच) का पडत नाही, याचाही उलगडा होतो. एमसीबी जादा करंटवर पडते, आणि सैल जोडामुळे करंट वाढत नाही. उलट किंचित घटतो. हे कागदावर स्वतः मांडलेला माणूस स्क्रू आवळायला सहसा विसरत नाही.

व्हिडिओचं बळ हातकामात आहे. तांब्याला चर न पडता इन्सुलेशन कसं सोलायचं, लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून कसा क्रिम्प करायचा, पाइप कसा वाकवायचा, हे दहा पानं वाचून जमणार नाही. एकदा नीट पाहून जमेल. पण व्हिडिओ कुठल्या देशातला आहे ते आधी तपासा. अमेरिकेत काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. युरोपात तपकिरी फेजची, निळी न्यूट्रलची. तीन फेजना लाल, पिवळा आणि निळा रंग देणाऱ्या पद्धतीत मात्र काळी न्यूट्रल असते आणि निळी जिवंत फेज! रंगावर भरवसा ठेवून हात घालणं इथे जिवावर बेतू शकतं.

सिम्युलेटरवर जिन्याच्या दिव्याचं टू-वे कनेक्शन (एकच दिवा दोन स्विचवरून) हवं तितक्या वेळा चुकवता येतं, काही जळत नाही. नवख्यासाठी ही मोठी सोय आहे. पण त्यातली वायर सहसा आदर्श असते. प्रत्यक्षात बंद केलेल्या वायरवरही डिजिटल मल्टिमीटर कधीकधी बरेच व्होल्ट दाखवतो, कारण शेजारून चालू वायर गेलेली असते आणि मीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही. असा फसवा व्होल्टेज सिम्युलेटरमध्ये भेटत नाही.

म्हणून बोर्ड. एक प्लायवूडची फळी, दोन टू-वे स्विच, होल्डर, कनेक्टर पट्टी, १२ व्होल्टची बॅटरी, तिला साजेसा फ्यूज आणि दिवे, एवढ्यावर सुरुवात होते. जोडणी जमली की सोबत्याला त्यात गुपचूप एक दोष घालायला सांगा आणि तो शोधा. फॉल्ट शोधण्याची ही सवय बाकीच्या कुठल्याच साधनातून लागत नाही. हा बोर्ड मेन सप्लायला मात्र जोडू नका. मेनवरचं काम अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच.

नियमांचं पुस्तक सलग वाचायचं नसतं, अडलं की उघडायचं असतं. अनेक देशांचे नियम आयईसी ६०३६४ या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाशी मिळतेजुळते आहेत, पण कामावर लागू होतात ते आपल्या देशाचेच, तेही चालू आवृत्तीतले. पहिल्या काही महिन्यांत हे पुस्तक विकत न घेता कामावरचं वापरलं तरी भागतं.

कामावर शिकवणारा चांगला उस्ताद असेल, तर व्हिडिओवरचा वेळ कमी करून तो गणितांना द्या. उस्ताद घाईत असतो आणि काम करून दाखवतो, पण सूत्र समजावायला थांबत नाही, हे बऱ्याच ठिकाणचं चित्र आहे. गणिताची भीती असेल, तर आधी सिम्युलेटरवर आकडे बदलून बघा आणि लगेच तेच उदाहरण वहीत सोडवा.

उरलेल्या पैशांत मल्टिमीटर घ्या, वितरण बोर्डावर मोजायचं असेल तर किमान कॅट ३ या सुरक्षा दर्जाचा. सर्किट बंद आहे का हे बघताना तो आधी चालू सप्लायवर तपासा, मग बंद सर्किटवर लावा, आणि शेवटी पुन्हा चालू सप्लायवर, म्हणजे मीटरच बिघडलेला नाही याची खात्री होते.